संरक्षणशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंधांत एम.ए. करायचंय? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

दरवर्षी मे-जूनमध्ये पदवीचे निकाल लागायला लागले की माझा फोन तापतो. कुणी चोपड्याहून बोलतं, कुणी साक्रीहून, कुणी शहाद्याहून. नंबर कुणाच्या तरी मावसभावानं दिलेला असतो आणि प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी रावेर तालुक्यातला. पुण्यात संरक्षण व सामरिकशास्त्रात एम.ए. केलं, काही वर्षं दिल्लीत संशोधन सहायक म्हणून काढली, आता जळगावात शिकवतो. खाली माहिती आहे आणि माझी मतंही आहेत. मत कुठे सुरू होतं ते तुम्हाला कळेलच.

या एम.ए.मध्ये शिकवतात तरी काय?

पुस्तिकेत विषयांची यादी असते: आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त, भारताचं परराष्ट्र धोरण, युद्धाचा इतिहास, अण्वस्त्रं व निःशस्त्रीकरण, अंतर्गत सुरक्षा, सागरी सुरक्षा, संशोधनपद्धती. ती वाचून कुणालाच काही कळत नाही. म्हणून पोटॅशच्या गोणीची गोष्ट सांगतो.

२०२२ साली मृगबागेच्या, म्हणजे जूनच्या केळी लागवडीच्या, तोंडावर मामांचा फोन आला. "काय रे, दिल्लीला राहून आला ना तू? मग सांग, पोटॅशची गोणी सतराशेला कशी गेली?" हजाराच्या आतबाहेर मिळणारी पन्नास किलोची गोणी सतराशेला गेली होती. केळीला पोटॅश द्यावंच लागतं, नाही दिलं तर घड भरत नाही. कृषी सेवा केंद्रवाला म्हणाला, "वरूनच भाव वाढला." मामांना हे 'वर' म्हणजे नक्की कुठे, ते हवं होतं.

तर 'वर' म्हणजे इथे बेलारूस. भारत पोटॅश जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो. जगातल्या पोटॅशचा सुमारे पाचवा हिस्सा बेलारूस पुरवायचा. त्या देशाला समुद्रकिनारा नाही, त्यामुळे माल रेल्वेनं शेजारच्या लिथुआनियात जायचा आणि क्लायपेडा बंदरातून जहाजावर चढायचा. मे २०२१ मध्ये बेलारूस सरकारनं आपल्या आकाशातून जाणारं एक प्रवासी विमान मिन्स्कला उतरवलं आणि त्यातल्या एका विरोधी पत्रकाराला उचललं. युरोप-अमेरिकेनं निर्बंध आवळले. १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियानं ती रेल्वे वाहतूकच बंद केली. २४ तारखेला रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि पोटॅशचा दुसरा मोठा पुरवठादारही अडचणीत आला. एका पत्रकाराला पकडण्यासाठी उतरवलेलं विमान असं फिरत फिरत रावेरच्या केळीच्या बागेत येऊन पोचलं.

एम.ए.मध्ये ही साखळी एकेक कडी सोडवून बघायला शिकवतात. मग पुढचे प्रश्न येतात. निर्बंधांनी ज्याला शिक्षा करायची त्यालाच ती होते का? छोटा लिथुआनिया मोठ्या शेजाऱ्याला अंगावर घ्यायला कशाच्या जोरावर धजावतो? भारतानं एखादी वस्तू किती देशांकडून घ्यावी म्हणजे गळा आवळला जाणार नाही? यातल्या प्रत्येक प्रश्नावर तीन-चार विचारपंथ आपापसांत भांडतात आणि ते भांडण समजून घेण्यात पहिलं सत्र जातं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण पुढच्या महिन्यात उतरंल का?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा विषय भविष्य सांगत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

संरक्षणशास्त्र, राष्ट्रीय सुरक्षा, आंतरराष्ट्रीय संबंध, राज्यशास्त्र. यांत फरक काय?

राज्यशास्त्र हे मोठं घर आणि आंतरराष्ट्रीय संबंध ही त्यातली एक खोली, असं पूर्वी म्हणायचे. आता त्या खोलीला स्वतंत्र दार आहे. संरक्षणशास्त्रात युद्ध, सैन्य, शस्त्रं आणि रणनीती यांवर भर असतो. 'राष्ट्रीय सुरक्षा' हे नाव अलीकडे जास्त ऐकू येतं. त्यात सीमा, दहशतवाद, सायबर, ऊर्जा, अन्न असं सगळं येतं आणि मुख्य म्हणजे सरकार हे सगळं चालवतं कसं, ते येतं.

हा शेवटचा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो आणि मला सगळ्यात रसाळ. १९९८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा परिषद उभी राहिली, ब्रजेश मिश्रा पहिले राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. पुढच्याच वर्षी कारगिल झालं. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली पुनरावलोकन समिती नेमली गेली. तिच्या अहवालावर मंत्रिगटानं २००१ मध्ये शिफारशी केल्या, त्यात तिन्ही दलांसाठी एक संरक्षणप्रमुख असावा ही एक होती. ते पद प्रत्यक्षात आलं २०१९ च्या अखेरीला. मधली अठरा वर्षं फाइल कुठे होती, कुणाला हे पद नको होतं आणि का, हे शोधणं म्हणजे राष्ट्रीय सुरक्षेचा अभ्यास. रणगाडे त्यात कमी आणि टिपणं जास्त.

माझं बी.एस्सी. झालंय (किंवा कृषी, किंवा इंजिनिअरिंग). चालेल?

बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते, गुणांची अट तेवढी बघा. पुण्यात तर या विषयात एम.ए.बरोबर एम.एस्सी.ही आहे. माझ्या पाहण्यात विज्ञानाची मुलं पहिले चार महिने चाचपडतात आणि मग अण्वस्त्रं, क्षेपणास्त्रं, सायबर या विषयांत पुढे निघून जातात. कृषीवाल्यांनी तर वरची पोटॅशची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगितली असती.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी असेल तर एम.ए. एका वर्षाचं करता येतं. तरी जमलं तर दोन वर्षांचं करा. एका वर्षात हा विषय मुरत नाही.

कुठे शिकावं?

आपल्याला सगळ्यात सोयीचं पुणं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग साठीच्या दशकापासून आहे. शहरात लष्कराच्या संस्था असल्यामुळे निवृत्त अधिकारी व्याख्यानाला येतात. एखादा जनरल समोर बसून 'आम्ही इथे चुकलो' म्हणतो तेव्हा पुस्तकातलं प्रकरण वेगळंच दिसायला लागतं.

दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज. ही १९५५ मध्ये स्वतंत्र संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७० मध्ये जेएनयूत सामील झाली. पश्चिम आशिया, रशिया-मध्य आशिया, चीन-जपान असे प्रदेशवार अभ्यास इतक्या खोलवर देशात दुसरीकडे क्वचितच होतात. त्याच विद्यापीठात राष्ट्रीय सुरक्षा अभ्यासाचं वेगळं केंद्रही आहे. दिल्लीतच सार्क देशांनी मिळून उभारलेलं साउथ एशियन युनिव्हर्सिटी आहे. तिथे तुमच्या शेजारच्या बाकावर नेपाळी किंवा बांगलादेशी मूल असतं आणि 'भारताचं शेजारधोरण' या विषयावर बोलताना जीभ जरा जपून चालते. चांगली सवय आहे ती.

नंदुरबार, नवापूर, तळोदा इकडच्यांनी गुजरातकडे बघायला हरकत नाही. गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ २०२० च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झालं. तिथला कल पोलीस आणि अंतर्गत सुरक्षेकडे जास्त आहे. सुरतेची गाडी धरली की पुढे सोपं पडतं, पुण्यापेक्षा प्रवास सोयीचाच.

याशिवाय चंडीगढ, अलाहाबाद, मद्रास या विद्यापीठांत संरक्षणशास्त्राचे जुने विभाग आहेत, कोलकात्यात जादवपूर आहे, मणिपालला भूराजनीतीचा विभाग आहे. सोनीपतच्या जिंदलसारख्या खासगी विद्यापीठाची फी पाहून आमच्याकडचे एक काका म्हणाले, "एवढ्यात तर विहीर, पाइपलाइन, ठिबक सगळं होतं." मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

घर सोडता येत नाही. जळगाव-धुळ्यातच राहून काही होतं का?

होतं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखालच्या महाविद्यालयांत राज्यशास्त्रात एम.ए. करा आणि आंतरराष्ट्रीय राजकारण, परराष्ट्र धोरण हे पेपर मन लावून करा. काही महाविद्यालयांत बी.ए.ला संरक्षणशास्त्र हा विषयही आहे. इग्नूचं राज्यशास्त्रातलं एम.ए. घरी बसून होतं आणि त्याची पुस्तकं चांगली आहेत. मी आजही वर्गात त्यातली प्रकरणं वापरतो.

फक्त एक गोष्ट घरी बसून मिळत नाही, ती म्हणजे वाद घालणारी माणसं. ती तुम्हालाच जमवावी लागतील. मागे अमळनेरला पाच मुलांनी दर रविवारी एका ठिकाणी बसून आठवड्याची एक घटना फोडायची असं ठरवलं. दोन महिन्यांत तिघं उरली. पण त्या तिघांचं लिखाण बघितलं की कळतं, ती बसली होती.

प्रवेश परीक्षा कशी असते?

जेएनयू आणि बऱ्याच केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही सामायिक परीक्षा द्यावी लागते. संगणकावर, ७५ बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं की १ वजा. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नाही. पुण्याची प्रवेशप्रक्रिया वेगळी, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर.

इथे घोळ तारखांचा होतो. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण हिवाळ्यात निघतात आणि परीक्षा मार्चच्या सुमाराला होते. आपली मुलं मात्र पदवीचा निकाल हातात पडल्यावर, जूनमध्ये, चौकशीला लागतात. तोवर गाडी भुसावळ सोडून खंडव्याला पोचलेली असते. मी स्वतः याच कारणानं एक वर्ष घालवलंय. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज भरता येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला यांचे केंद्राचे नमुने राज्याच्या नमुन्यांपेक्षा वेगळे असतात. तहसीलमध्ये 'केंद्र शासनाच्या नमुन्यात' असं स्पष्ट मागा, नाहीतर दिल्लीच्या पडताळणीत परत पाठवतात.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीचं काय करू?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

वाचन इंग्रजीतच होणार, त्याला पर्याय नाही. पण लागणारं इंग्रजी वेगळं आहे. फाडफाड बोलणारं नको, शब्द तोलणारं हवं. माझी पद्धत अशी: विदेश मंत्रालयाची निवेदनं संकेतस्थळावर असतात, अर्ध्या-एक पानाची. रोज एक घ्यायचं आणि मराठीत उतरवायचं. उतरवताना अडतं तिथेच शिक्षण सुरू होतं. 'चिंता वाटते', 'तीव्र चिंता वाटते', 'खेद वाटतो', 'निषेध करतो' या चढत्या पायऱ्या आहेत आणि कुठल्या पायरीवर थांबायचं हे कुणीतरी रात्री उशिरापर्यंत बसून ठरवलेलं असतं.

एक उदाहरण घरी करून बघा. २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युक्रेनवर ठराव आला. १४१ देश बाजूनं, ५ विरोधात, ३५ तटस्थ, भारत तटस्थांत. मतदानानंतर भारताच्या प्रतिनिधींनी जे निवेदन केलं ते शोधा. सार्वभौमत्वाचा आदर हवा असं त्यात आहे, युद्ध थांबावं असं आहे, भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर काढण्याबद्दल आहे. आता रशियाला आक्रमक म्हटलंय का ते शोधा. सापडणार नाही. कुणाचं नाव न घेता काय काय बोलता येतं, हे आपल्या भाऊबंदकीत वाढलेल्या माणसाला खरं तर लवकर कळायला हवं.

सहा महिने हे केलंत तर इंग्रजी आपोआप बसतं. बोलण्याची भीती पहिल्या सत्रात जाते, आणि नाही गेली तरी बिघडत नाही. माझ्या 'पण'चा 'पन' अजून होतो. परीक्षकाला त्यात काही अडचण आली नाही.

खर्च किती येतो?

जेएनयूची शिकवणी फी वर्षाला शेकड्यांत मोजावी इतकी कमी आहे. पुण्याच्या विभागातही फीनं कंबर मोडत नाही, खोली आणि मेस यांनी मोडते. वसतिगृह मिळालं नाही तर महिना दहा-बारा हजार धरून चाला.

महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती वेळेत भरा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून, आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात मिळते. नंदुरबारच्या मुलांना स्वयम् माहीत असते, पण पुण्याला गेल्यावर अर्ज कुठल्या प्रकल्प कार्यालयात करायचा यात त्यांचे दोन महिने जातात. जायच्या आधीच विचारून ठेवा.

एम.ए.नंतर नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. नेटमध्ये 'संरक्षण व सामरिक अभ्यास' हा स्वतंत्र विषय आहे, राज्यशास्त्र वेगळा, आंतरराष्ट्रीय अभ्यासाचाही वेगळा. कोणता घ्यायचा ते जुन्या प्रश्नपत्रिका बघून ठरवा.

परदेशात जावं का?

पैसे दुसऱ्याचे असतील तर अवश्य. लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्धाभ्यास विभाग, वॉशिंग्टनमधलं जॉर्जटाउन, जिनिव्हाची १९२७ पासूनची पदव्युत्तर संस्था, सिंगापूरची एस. राजरत्नम स्कूल या नावाजलेल्या जागा. सिंगापूरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि आशियाकडे आशियातून बघतो, म्हणून मला तो आवडतो.

ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत तिथलं एक वर्ष पूर्ण निघतं, पण आधी दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतून दोन वर्षं राहावं लागतं. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि जमातींसाठी वेगवेगळ्या मंत्रालयांकडून मिळते. जमातींसाठी देशभरात मिळून वर्षाला २० जागा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी आहे. विषय, उत्पन्न आणि विद्यापीठाच्या क्रमवारीच्या अटी दरवर्षी नव्यानं वाचा.

कर्ज काढून जाणार असाल तर मात्र माझा हात आखडतो. लंडनचं एक वर्ष सगळं धरून चाळीस लाखांच्या पुढे सहज जातं. अमेरिकेत शिक्षणानंतर कामाची जी तीन वर्षांची मुभा ऐकलेली असते ती विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना. या विषयाला साधारण एकच वर्ष. आणि तिथल्या सरकारी सुरक्षा खात्यांतल्या नोकऱ्यांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. शेत गहाण ठेवून 'नॅशनल सिक्युरिटी'ची पदवी घ्यायची आणि ज्या दारासाठी ती केली ते दार परक्यांना बंद, असं व्हायला नको.

हाई शिकीसन 'रॉ'मा नोकरी भेटस का भो?

नही भो.

आता सविस्तर. रॉ, म्हणजे भारताची परदेशातली हेरगिरी बघणारी संस्था, १९६८ मध्ये रामनाथ काव यांच्या हाताखाली सुरू झाली. तिथे प्रामुख्यानं पोलीस आणि इतर केंद्रीय सेवांतून माणसं घेतली जातात, 'रॉ भरती'ची जाहिरात तुमच्या व्हॉट्सअॅपवर येत नाही. आली तर ती खोटी. गुप्तवार्ता विभागाची, म्हणजे आयबीची, भरती मात्र उघड होते: सहायक केंद्रीय गुप्तवार्ता अधिकारी, श्रेणी दोन. गृह मंत्रालय जाहिरात काढतं, कोणतीही पदवी चालते, वय १८ ते २७, राखीव गटांना सवलत. एम.ए.ची अट नाही. फार तर मुलाखतीत आणि निबंधात त्याचा उपयोग होतो.

या प्रश्नावर मी चिडतो, त्याला कारण आहे. पदवी झाल्यावर मीही एका खासगी संस्थेत 'इंटेलिजन्स अँड सिक्युरिटी डिप्लोमा'साठी अठरा हजार भरले होते. रविवारी तीन तास वर्ग. शिकवणारा गृहस्थ डोळ्यावर काळा चष्मा ठेवूनच बोलायचा. सहा महिन्यांनी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र मिळालं, वर सोनेरी गरुड आणि चमचमणारा शिक्का. एका मुलाखतीत ते पुढे केलं तेव्हा समोरच्या बाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि हलकेच माझ्याकडे परत सरकवलं. एक शब्द बोलल्या नाहीत. अजून ते आईनं ट्रंकेत जपून ठेवलंय.

सैन्यात अधिकारी व्हायचंय. हे एम.ए. केलं तर फायदा?

उलट नुकसान होऊ शकतं, वयाचं गणित नीट मांडा. सीडीएस, म्हणजे संयुक्त संरक्षण सेवा परीक्षेतून, डेहराडूनच्या अकादमीसाठी २४ आणि चेन्नईच्या अकादमीसाठी २५ च्या आत असावं लागतं. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत असिस्टंट कमांडंट व्हायचं तर २५, राखीव गटांना सवलत. दोन वर्षांचं एम.ए. करेपर्यंत तुम्ही तेवीसचे झालेले असता. तेव्हा परीक्षा आधी, एम.ए. जोडीला. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र असेल तर लेखी परीक्षेशिवायच्या विशेष प्रवेशाकडे बघा. आपल्या पोरांना हा रस्ता माहीत नसतो आणि प्रमाणपत्र घरात पडून राहतं.

झेलम एक्स्प्रेस जळगाव-भुसावळला थांबते तेव्हा डब्यात जम्मूकडे निघालेले जवान असतात. त्यांच्याशी दहा मिनिटं बोला. वर्दीच हवी आहे की विषय हवा आहे, ते तिथल्या तिथे कळेल.

यूपीएससीसाठी उपयोग होतो?

होतो. सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या पेपरात आंतरराष्ट्रीय संबंध, तिसऱ्यात अंतर्गत सुरक्षा, आणि राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर त्याचा दुसरा पेपर जवळजवळ पूर्ण तुमचा. मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. पण परीक्षेसाठी एम.ए. लागत नाही, आणि फक्त वसतिगृहाची खोली हवी म्हणून एम.ए.ला नाव घालणारे बरेच असतात. त्यांचं एम.ए. होत नाही आणि यूपीएससीही होत नाही. हे मी कडवटपणे लिहितोय याची मला कल्पना आहे.

मग नोकरी लागते कुठे?

प्राध्यापकी: नेट हवी, जागा थोड्या, वाट लांब. धोरण संशोधन संस्था, ज्यांना थिंक टँक म्हणतात: दिल्लीत १९६५ पासूनची संरक्षण अध्ययन संस्था (आता तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे), विश्व व्यवहार परिषद, ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन, मुंबईत गेटवे हाउस, बंगळुरूत तक्षशिला. इथे सुरुवातीला पगार कमी, करार वर्षाचा आणि काम म्हणजे वाचणं, टिपणं काढणं, वरिष्ठांच्या लेखातले आकडे तपासणं. मला आवडलं. माझ्या वडिलांना मी नेमकं काय करतो ते पाच वर्षांत सांगता आलं नाही.

खासगी क्षेत्रात जहाज, विमा, तेल, बँका अशा कंपन्यांना 'जोखीम विश्लेषक' लागतात. होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही झालं तर माल कुठून वळवायचा, कोणत्या ग्राहकावर निर्बंध आहेत, हे बघणारी माणसं. मुंबई, बंगळुरू, गुरुग्रामला या जागा वाढताहेत. पत्रकारितेतही जागा आहे, विशेषतः मराठीत, कारण परराष्ट्र घडामोडींवर मूळ मजकूर वाचून लिहिणारे मराठीत फार थोडे आहेत.

जोडीला एक परकी भाषा किंवा आकडेशास्त्र यांतलं काहीतरी शिकाच. नुसत्या एम.ए.वर दार उघडायला वेळ लागतो.

"पोरीच्या जातीला हे काय कामाचं?" (शिरपूरहून एका वडिलांनी विचारलेला प्रश्न, शब्द त्यांचेच)

दादा, तुमच्या लेकीनंच तुम्हाला फोन लावून दिला होता, म्हणजे तिचा निर्णय झालेला आहे. तरी सांगतो. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत गेल्या. लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची, असा त्या काळी स्त्री अधिकाऱ्यांसाठी नियम होता. बढती नाकारली तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्यायालयानं असल्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. निरुपमा राव २००९ मध्ये परराष्ट्र सचिव झाल्या, त्यांचं एम.ए. आपल्या शेजारच्या औरंगाबादचं, तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाचं, तेही इंग्रजी वाङ्मयात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, सतरा जणी. आणि आपल्याच जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती, म्हणजे तिन्ही दलांच्या सर्वोच्च सेनापती होत्या. २००९ मध्ये पुण्यात सुखोईत बसून उडाल्या, तेव्हा त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या.

राहण्याच्या सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. पुण्याला जाऊन वसतिगृह एकदा डोळ्यांनी बघून या. लेकीला बरोबर न्या.

प्रबंधासाठी विषय सुचवाल का?

सुचवतो, पण चीन-अमेरिका संबंध सोडून. त्यावर लिहिणारे बीजिंग आणि वॉशिंग्टनमध्ये पुष्कळ बसलेत. तुमच्या हाताशी जे आहे ते त्यांच्याकडे नाही.

भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी घ्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या केल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं, भुसावळ यंत्र इंडियाकडे. काही किलोमीटरवरचे दोन कारखाने दोन वेगळ्या कंपन्यांत. तिथल्या कामगारांना, छोट्या पुरवठादारांना, गावच्या बाजाराला याचा काय अनुभव आला? दिल्लीतला संशोधक हे विचारायला येणार नाही, तुमचे काका मात्र तिथून निवृत्त झालेले असतील.

कापूस घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर पन्नास टक्के शुल्क लावलं, त्याच महिन्यात आपल्या सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क स्थगित केलं. गिरण्यांना दिलासा, शेतकऱ्याला धास्ती. परराष्ट्र धोरणाचा भार देशातल्या कुणाच्या खांद्यावर जातो, यावर अख्खा प्रबंध होईल. तापी घ्या: महाराष्ट्रातून वाहत जाऊन गुजरातेत उकाईला अडणारी नदी, तिच्या खोऱ्यात दोन राज्यांचा पाणीव्यवहार. जिथे मुलाखती अहिराणीत किंवा पावरीत घ्याव्या लागतील असा विषय निवडलात तर तुमच्याशी स्पर्धा करायला कुणी नाही.

फक्त निर्माणीबद्दल लिहिताना उघड कागदपत्रं आणि निवृत्त माणसांच्या आठवणी एवढ्यावरच थांबा. दाराचा फोटोसुद्धा काढू नका. एका विद्यार्थ्यानं काढला होता, मग दुपारभर मला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून 'प्रबंध म्हणजे काय' हे समजावून सांगावं लागलं.

टीव्हीवरच्या चर्चा बघितल्या तर चालतं?

आवाज बंद करून.

तुम्हाला फोन केला तर चालेल का?

चालेल, संध्याकाळी सातनंतर. पण आधी वरची २ मार्च २०२२ ची निवेदनाची कामगिरी करून मराठी उतारा जवळ ठेवा. पहिला प्रश्न मी विचारणार आहे.